मेडशीच्या गटाचा विरोधी पक्ष

अभ्यास दौऱ्याहून परत आल्यापासून गावात जो भेटतो तो एकच विचारतो, "काय मग, काय शिकून आलासा?" बाकीच्या मंडळींचं बरं आहे. ते शेगावचा प्रसाद पुढे करतात आणि अभ्यास सिद्ध होतो. मी शेगाव पाहिलं नाही, कारंजा पाहिलं नाही, लोणारचं सरोवर तर फोटोतच. मी दोन दिवस वाशिम जिल्ह्यातल्या मेडशी नावाच्या गावात एका माणसाच्या ओसरीवर पोटामुळे अडकून पडलो होतो. तेव्हा जो काही अभ्यास झाला तो माझाच झाला, आणि तोही नाइलाजानं.

आधी दौऱ्याचा हेतू सांगतो, कारण तो फ्लेक्सवर छापलेला होता आणि फ्लेक्सला मान द्यायला हवा. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा संचालक. आमच्या संस्थेनं ठरवलं की विदर्भातले शेतकरी गटांत का येतात आणि टिकतात कसे, हे पाहून यायचं. प्रश्न आम्हाला खरोखरच अवघड होता. आमच्याकडे सहकारात कुणी येत नाही, माणूस त्यात जन्मतो. वडील गेले की बाराव्याच्या आत शेअर मुलाच्या नावावर होतो आणि तेराव्याला दोन्ही पॅनेलचे लोक सांत्वनाला येतात. त्यामुळे आपल्या मनानं, चपला घालून, चालत जाऊन सभासद होणारा माणूस आम्हाला बघायचा होता.

चेअरमन बापूसाहेबांनी कार्यक्रम आखला. मेडशीत गट बघायला अडीच तास, उरलेले सगळे दिवस देवदर्शन. आम्ही नृसिंहवाडीच्या दत्ताला जाणारी माणसं, आमचं त्याच दत्ताच्या कारंजाला गेल्याशिवाय कसं भागणार!

मेडशी, दुपार

हिंगोली सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनच सोयाबीन. दसरा झालेला, पीक कापून रचून ठेवलेलं. या रचलेल्या ढिगाला तिकडे सुडी म्हणतात. आम्ही ऊसवाले. आमचं पीक माणसाच्या डोक्यावरून जातं, त्यामुळे शेजारी काय करतो ते दिसत नाही. इथे सगळं गुडघ्याएवढं. कुणाच्या वावरात कोण उभं आहे ते थेट क्षितिजापर्यंत दिसतं. त्या भागात वावर म्हणजे शेत.

गटाचे अध्यक्ष गजाननभाऊ चाळिशीतले, अंगानं बारीक, बोलायला भरघोस. त्यांनी आम्हाला टोप्या घातल्या, नारळ दिले, आणि गटाच्या खोलीत बसवून भाषण केलं. एकत्र खरेदी, एकत्र विक्री, एकीचं बळ. आमच्या मंडळींनी माना डोलावल्या, कारण यातला शब्दन् शब्द आमच्या चेअरमनांच्या भाषणातही असतो. मग सगळे अंगणात जाऊन गटाच्या मळणीयंत्रापुढे उभे राहिले. लाल रंगाचं यंत्र, ट्रॅक्टरला जोडून फिरणारं. तिथे त्याला सगळे नुसतं 'मशीन' म्हणतात. फ्लेक्स धरून फोटो झाला. दौऱ्याचा मुख्य भाग इथे संपला.

भाषण चालू असताना एक गोष्ट मी पाहिली होती. खोलीच्या खिडकीबाहेर एक उंच म्हातारा गजांना धरून उभा होता. पांढऱ्या मिशा, डोक्याला रुमाल. गजाननभाऊ "गटात एकूण एक मानूस समाधानी आहे" म्हणाले, तेव्हा तो बाहेरून खणखणीत आवाजात म्हणाला, "गेल्या साली मशीन बंद पडली होती ते सांगा!"

"ते कोण?" मी शेजारी बसलेल्या बाईंना विचारलं. त्या गटाच्या सचिव, कांताबाई.

"उत्तमकाका," त्या म्हणाल्या. "मेंबर नाईत. पन मीटिंग एकही चुकवत नाईत."

मग पंगत बसली. रोडगे, वांग्याची भाजी, आणि पाटोडीचा रस्सा. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवून खायचे. पाटोडी म्हणजे बेसनाच्या वड्या, आणि त्यांच्यावर बोटभर तरंगणारी लाल तर्री. वाढणारा म्हणाला, "बेतानं घ्या सायेब, तिखट आहे." हे वाक्य कोल्हापूरच्या माणसाला म्हणणं म्हणजे त्याच्या घराण्याचा अपमान. मी म्हटलं, "आम्ही तांबडा रस्सा पिऊन वाढलोय, वाढा." त्यानं वाढलं. मी पुन्हा मागितलं. कोल्हापूरचं नाव राखलं.

कोल्हापूरचं नाव तासभर टिकलं. गाडी निघायची वेळ झाली तेव्हा मी गजाननभाऊंच्या घरामागे होतो आणि बाहेर यायच्या स्थितीत नव्हतो. बापूसाहेबांनी दाराबाहेरूनच विचारपूस केली. "लई वेळ लागंल काय?" मी आतून जे उत्तर दिलं ते इथे देत नाही. शेवटी ठरलं की मला इथेच ठेवायचं, मंडळींनी दर्शन करून यायचं आणि परवा सकाळी मला उचलायचं. "तुमच्या वाटचा नमस्कार करतो," म्हणून बापूसाहेब गेले. सहकाराची ही भावना मला फार हलवून गेली.

उत्तमकाकांची ओसरी

गजाननभाऊंच्या घरी पाहुणे होते. मला झोपायला कोरडी जागा आणि जवळ संडास असलेलं घर हवं होतं, आणि तसं शेजारी एकच घर होतं. उत्तमकाकांचं. अशा तऱ्हेनं गटाचा अभ्यास करायला आलेला मी, गटात नसलेल्या एकमेव माणसाच्या घरी मुक्कामाला गेलो.

काकूंनी ज्वारीच्या कण्या शिजवून ताकाबरोबर दिल्या. काकांनी समोर बसून माझं नाव विचारलं, ऐकलं, आणि पुढे शेवटपर्यंत मला "कोल्हापूर" म्हणूनच हाक मारली.

"काय सांगतलं तुमाले गज्यानं? एकीचं बळ?"

"हो."

"ते समद्यायलेच सांगते तो." काकांनी मांडी बदलली. "माह्या जवानीत बी एक संस्था निंगाली होती इथं. तवाही टोप्या घातल्या, फोटो काढले. मी बी मेंबर. चार सालात अध्यक्षाचं घर दुमजली झालं अन् संस्थेचा नुसता बोर्ड राह्यला. तोही पुढं एकानं गोठ्याच्या दारासाठी नेला."

"म्हणून गटात येत नाही?"

"म्हनून खिडकीत उभा राह्यतो. समदेच आत गेले तं बाहेरून पाहीन कोन?"

मी म्हटलं, हे लोक वाईट वाटत नाहीत. काका म्हणाले, "मी कुठं म्हनलं वाईट आहेत? वाईट होऊ नये म्हनून तं उभा आहो."

आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेची मला आठवण झाली. विषय वाचायच्या आधी मागून "मंजूर" येतं, नंतर चिवड्याची पाकिटं येतात. आमच्या खिडकीत कुणी उभं राहिलं तर तो पाकिटासाठीच, असं आम्ही धरून चालतो.

दुसरा दिवस, वावरात

सकाळी पोट शहाण्यासारखं वागत होतं. आभाळ मात्र सकाळपासूनच दक्षिणेकडून काळवंडत होतं. मी कांताबाईंच्या वावरात गेलो, कारण आज मशीन तिथे लागणार होती. तीन एकर वावर, मधोमध सुडी. त्या आणि त्यांचे मालक सुडीवरची ताडपत्री काढत होते. मशीन अजून पलीकडच्या वावरात होती, म्हणून बोलायला वेळ होता. मी फ्लेक्सवरचा प्रश्न विचारला. गटात का आलात?

कांताबाई हसल्या. "कागदावरचं सांगू का खरं?"

"खरं."

"मशीनवाल्याचं पाह्यलं का तुमी कधी? तो मोठ्या वावरात आधी जाते. वीस एकरवाल्याचं झालं का दहावाल्याचं. मंग जे आपले असतीन त्यायचं. मंग आमचं. आमच्या वस्तीतल्या लोकायचं सोयाबीन दर साली शेवटी निंगे. पावसात भिजे, काळं पडे." त्यांनी ताडपत्रीची घडी घातली. "गटात चिठ्ठ्या टाकतेत. अन् चिठ्ठी उचलताना आडनाव दिसत नाई. म्हनून आली मी. यंदा माहा नंबर चौथा आहे. जल्मात पयल्यांदा."

आदल्या दिवशी ऐकलेल्या भाषणात हे कुठेच नव्हतं. गजाननभाऊंनाही नंतर विचारलं. ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "खरं सांगू सायेब? मशीनवाल्याच्या घरी चकरा मारून कटाळलो होतो. आता लोकं माह्या घरी चकरा मारतेत." पुढाऱ्यानं इतकं खरं बोललेलं मी प्रथमच ऐकलं.

दुपारी मशीन कांताबाईंच्या वावरात आली आणि तेव्हाच उत्तमकाका बांधावरून तरातरा येताना दिसले. काकांनी रिसोडहून भाड्याची मशीन सांगितली होती. ती सकाळी येणार म्हणून त्यांनी पहाटे सुडी उकलून वाळायला पसरली. मशीनवाला आला नाही. फोन केला तर म्हणाला, मोठं काम लागलंय, दोन दिवसांनी बघू. काकांची ताडपत्री जुनी, उंदरांनी चाळण केलेली. आणि आभाळ आता डोक्यावर आलं होतं.

काका काही मागायला आलेत हे दिसत होतं, पण मागायची सवय नसल्यामुळे त्यांनी सुरुवात टीकेनंच केली. "पट्टा ढिला आहे तुमच्या मशीनचा."

मशीनबरोबर आलेले गजाननभाऊ म्हणाले, "काका, तुमची मशीन आली नाई म्हनतेत."

"नाई आली."

मग गजाननभाऊ कांताबाईंकडे वळले आणि फार गोड आवाजात म्हणाले, "कांताबाई, तुमची सुडी तं रचलेली आहे. ताडपत्री बी नवी आहे. काकाचं पसरलेलं आहे. तुमी आजचा नंबर…"

"नाई," कांताबाई म्हणाल्या.

"ऐकून तं घ्या…"

"ऐकलं. आजवर आमीच थांबलो भाऊ. दर साली कोनाचं नं कोनाचं पसरलेलंच असे. नंबर माहा आहे, आधी माहं निंगन."

मला वाटलं, आता काका कांताबाईंवर भडकणार. काका गजाननभाऊंवर भडकले. "तिले काहून इचारतं बे? नंबर तिचा आहे तं तिचा आहे! चिठ्ठ्या कायले टाकल्या मंग?" आणि रुमाल काढून घाम पुसत, जमिनीकडे बघत ते म्हणाले, "तिच्या मागून माहं घ्या. मेंबरशिवाय लावत नसान तं… मेंबर होतो मी."

हे ऐकल्यावर आनंद व्हायला हवा होता. गटातला एकही माणूस आनंदला नाही. गजाननभाऊंचा चेहरा तर जावई कायमचा राहायला आल्यासारखा झाला. त्यांनी मला बाजूला ओढलं. "सायेब, हा मानूस बाहेर आहे तेच बरं. खिडकीतून बोलते तं आमी खिडकी लावून घेतो. आत आला तं काय लावता?" मग मोठ्यानं म्हणाले, "काका, मेंबर होयाची काई गरज नाई! आमी अशीच लावतो मशीन. तुमच्यासाठी एवढं नाई करनार का?"

"अशी नाई लावाची," कांताबाई म्हणाल्या. त्या सुडीवर चढून पेंढ्या खाली फेकत होत्या, तिथूनच बोलल्या. "असे उपकार केले का मंग पाच साल सांगत फिरता तुमी. काका मेंबर होतो म्हनतेत तं करा. बोलतेत तं बोलू द्या. बाहेरून बोलतेत ते गावभर होते, आत बोलतीन तं आपल्यातच राहीन."

कांताबाईंनंतरचा नंबर रमेश नावाच्या तरुण मेंबरचा होता. त्याची सुडी उंचावर, नीट झाकलेली. तो म्हणाला, "माहं उद्या घ्या, काकाचं आधी निंगू द्या." तोंड फिरवून हळूच म्हणाला, "नाई तं जल्मभर ऐका लागन."

मशीन सुरू झाली. एवढा धुरळा मी आयुष्यात खाल्ला नव्हता. कांताबाईंच्या मालकांनी पोती धरली, मी पेंढ्या द्यायला उभा राहिलो. संचालक म्हणून माझा सगळा अनुभव सह्या करण्याचा. चार पेंढ्यांनंतर एका बाईंनी माझ्या हातून काम काढून घेतलं आणि मला पाणी आणायला पाठवलं. कांताबाईंचं शेवटचं पोतं भरलं तेव्हा त्यांनी मुठीत दाणे घेऊन वास घेतला. कोरडे, पिवळे, खणखणीत. दाणे मुठीतच घेऊन त्या उभ्या राहिल्या.

काकांच्या वावरात निम्मं काम झालं आणि पाऊस आला. आधी धुळीवर टपोरे थेंब, मग एकदम वाऱ्यासकट. मशीन बंद. सगळे धावले. कांताबाईंची नवी ताडपत्री आली, रमेशची जास्तीची आली, आणि उरलेल्या ढिगावर टाकून आम्ही चारी बाजूंनी कडांवर उभे राहिलो, कारण वारा ताडपत्र्या उचलून नेत होता. माझ्या एका बाजूला गजाननभाऊ, दुसऱ्या बाजूला उत्तमकाका. काका भिजत होते आणि बोलत होते. "तो कोपरा दाबा. अय रमेश, तिकडं पाय दे. गज्या, पोटावर पड, तुह्यात वजन कुठं आहे?" गजाननभाऊ खरोखर पोटावर पडले.

आमच्या संस्थेत सोळा संचालक आहेत. त्यांतले किती जण कुणाच्या ढिगावर पावसात पोटावर पडतील, याचा मी विचार सुरू केला आणि लगेच थांबवला. माझ्याच नावाशी अडखळलो होतो.

पाऊस फार टिकला नाही. कडेचं थोडं भिजलं, बाकी वाचलं. काकूंनी सगळ्यांना काळा चहा दिला. कुणीही आभार मानले नाहीत. काका फक्त म्हणाले, "तरी पट्टा ढिलाच होता."

शेवटची सकाळ

काकांना मेंबर करून घ्यायला सकाळी सभा भरली. काकांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. खोलीच्या दारात ते क्षणभर थबकले, मग आत येऊन खुर्चीवर बसले. कांताबाईंनी ठराव वाचला, हात वर झाले, काका मेंबर झाले. गजाननभाऊ घाईनं म्हणाले, "झालं, चहा घेऊ."

काका उठून उभे राहिले. "माहा एक विषय आहे."

गजाननभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पाहा सायेब, पहिल्याच दिवशी.

"काल नियम मोडला," काका म्हणाले. "कांताबाईच्या मागं रमेशचा नंबर होता. चिठ्ठी निंगाली होती त्याची. त्याच्या आधी माहं कायले काढलं?"

"काका, तुमचंच तं काढलं!"

"माहं काढलं म्हनून चूक नाई का ते? उद्या अध्यक्षाचं पसरलेलं राहीन, मंग?"

रमेश म्हणाला, "म्याच तं सोडला नंबर."

"तू सोडला, पन सभेनं कुठं सोडला? उभ्या उभ्या ठरवलं तुमी, ढग पाहून. हे असंच सुरू होते. मी पाह्यलेलं आहे." त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "माहा ठराव घ्या. पुढच्या साली उत्तमचा नंबर चिठ्ठीत टाकायचा नाई. समद्यायच्या शेवटी लागन त्याची मशीन."

कांताबाईंनी मान खाली घालून लिहायला घेतलं. सगळ्यांच्या शेवटी थांबणं म्हणजे काय, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "काका, भिजन बरं."

"भिजू दे," म्हणत काका खाली बसले.

बाहेर आमच्या गाडीचा हॉर्न वाजला. बापूसाहेब कपाळाला अंगारा लावून, हातात पेढ्याचा पुडा घेऊन खिडकीशी आले आणि आत डोकावून मला खुणा करू लागले. मी त्यांना हातानं थांबवलं. मतदान चालू होतं.

गजाननभाऊंनी ठराव वाचला. एकेक करून सगळ्यांचे हात वर गेले. सगळ्यात शेवटी कांताबाईंचा गेला. काकांचा हात मांडीवरच होता.

"काका, हात?" गजाननभाऊ म्हणाले. "ठराव तुमचाच आहे."

"लिहा," काका म्हणाले, "उत्तम विरोधात."

"अवो पन काहून?"

काकांनी खोलीभर नजर फिरवली, मग खिडकीतल्या बापूसाहेबांकडे पाहिलं, आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

"समदेच हो म्हनले तं," ते म्हणाले, "बाहेरच्या मानसाले वाटन, इथं काईतरी गडबड आहे."